समुद्रावर अंगठी, मंगळसूत्र, साखळी हरवली तर: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरकरांची चौपाटी म्हणजे फुटाळा तलाव. खरा समुद्र बघायचा तर कोकणात नऊशेच्या आसपास किलोमीटर जावं लागतं, नाहीतर पुरी. एवढ्या लांबून गेलेला माणूस मग जरा जास्तच पाण्यात उतरतो, आणि उतरताना अंगावरचं सोनं अंगावरच असतं. मी सीताबर्डीत तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले. आता दोन मित्रांना सोबत घेऊन, मेटल डिटेक्टर लावून हरवलेले दागिने शोधतो. दिवाळीपासून मे संपेपर्यंत फोन सुरू असतात आणि प्रश्न बहुतेक तेच ते. म्हणून एकदाची उत्तरं लिहून ठेवली.

अंगठी आत्ता पडली. मी अजून किनाऱ्यावरच आहे. काय करू?

जागा सोडू नका. पायातली चप्पल काढून तिथेच रेतीत उभी खोचा. पाण्यात असाल तर सोबतच्या कोणाला तरी तुमच्या सरळ समोर किनाऱ्यावर उभं करा. मग फोटो काढा: एक समोरचा, एक डावीकडचा, एक उजवीकडचा. फोटोत न हलणारी वस्तू यायला हवी. माड, विजेचा खांब, हॉटेलचा फलक, खडक, काहीही. होडी नको, ती उद्या दुसरीकडे असते. छत्री-खुर्च्याही नकोत, त्या संध्याकाळी उचलतात.

त्याहून चांगलं म्हणजे दोन वस्तू एकामागे एक, एका रेषेत दिसतात का ते बघा. मोबाईलच्या मनोऱ्यासमोर बरोबर तो बुटका माड, असं काहीतरी. दुसऱ्या दिशेला अशीच आणखी एक जोडी शोधा. त्या दोन रेषा जिथे एकमेकींना कापतात तिथे तुमची अंगठी. कोळी लोक समुद्रातली मासळीची जागा अशीच लक्षात ठेवतात.

फोनवरचं लोकेशनही पाठवा, पण त्याच्यावर विसंबू नका. फोन चार-पाच मीटर सहज इकडेतिकडे दाखवतो. चार मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे ५० चौरस मीटर, म्हणजे पाचशे चौरस फुटांचा फ्लॅट झाला. तेवढी रेती चाळायची की एक बादली, हे तुमच्या चपलेवर ठरतं.

आणि घड्याळ बघून वेळ लिहा. पाणी तेव्हा कुठवर होतं ते वेळेवरूनच काढता येतं.

हातानं उकरून बघू का?

पाण्याच्या काठाला अजिबात नको. ओल्या रेतीत खड्डा केला की बाजूची रेती आत घसरते, तिच्याबरोबर अंगठी आणखी खाली जाते, आणि तुम्ही उपसलेल्या ढिगात गेली असेल तर पुढची लाट ढीगच पसरवते.

गुहागरला एका कुटुंबानं मला बोलावलं तेव्हा सासूबाईंपासून पुतण्यापर्यंत सहा जण गुडघ्यावर बसून खोदत होते. बारा-पंधरा खड्डे. मी विचारलं, नेमकी पडली कुठे? सहा जणांनी सहा बोटं दाखवली. खोदायच्या आधी सगळ्यांना ती जागा माहीत होती. खोदल्यावर कोणालाच नाही. अंगठी शेवटी सापडली ती त्यांच्याच एका ढिगाच्या बुडाशी.

कोरड्या रेतीत मात्र मशीन नसतानाही काम होतं. पडल्याच्या जागेभोवती हातभर चौकोन आखा, आत कोणाला पाय ठेवू देऊ नका. वरचा थर स्टीलच्या ताटानं अलगद उचलून चाळणीतून काढा. गहू चाळायची चाळणी उत्तम. कोकणात बांधकाम चालू असेल तिथे रेतीची चाळणीही मिळते, फक्त तिथे ‘वाळू चाळायची’ म्हणा. पिठाची चाळणी घेऊ नका, रात्र होईल.

लाटेनं आत ओढून नेली असेल ना?

दहातले आठ फोन या वाक्यानं सुरू होतात. “भाऊ, समुद्रानं नेली जी अंगठी.” समुद्राला बिचाऱ्याला उगाच बदनाम करतो आपण.

हिशेब वजनाचा आहे. रेतीचा कण पाण्याच्या साधारण २.६५ पट जड. शुद्ध सोनं १९.३ पट. बावीस कॅरेटमध्ये तांबं-चांदी मिसळलेली असते, तरी ते सतरा-अठरा पट भरतं. जी लाट रेती हलवते तिला अंगठी सहज हलत नाही. उलट होतं असं: लाट आली की काठाची रेती पाण्यानं सैल होते, क्षणभर दलदलीसारखी, आणि जड वस्तू त्यात बसत जाते. प्रत्येक लाटेला थोडी थोडी. लाटेत उभं राहिल्यावर तुमच्या टाचा कशा रुततात, तसंच. खाली शिंपल्यांचा, गोट्यांचा किंवा घट्ट चिकणमातीचा थर लागला की ती तिथे थांबते. म्हणजे अंगठी आत जात नाही, खाली जाते. पडली तिथून फार तर काही पावलांवर असते.

याला अपवाद आहेत. नाकातली चमकी, कानातल्याची फिरकी, असल्या हलक्या गोष्टी लाट नेऊ शकते. आणि पावसाळा आला की सगळेच हिशेब चुकतात. जून ते सप्टेंबर कोकणातल्या लाटा किनाऱ्याची रेती कापून आत नेतात, काही ठिकाणी पुरुषभर उंचीचा कडा तयार होतो. पाऊस संपला की तीच रेती हळूहळू परत येते. या उलथापालथीत अंगठी उघडी पडू शकते किंवा नाणी आणि जाळ्याची शिसं यांच्यासोबत भलत्याच खळग्यात जाऊन बसू शकते. म्हणून मे महिन्यात हरवलेली वस्तू पहिल्या पावसाच्या आधी शोधायची. नोव्हेंबरात हरवली असेल तर एवढी घाई नाही.

तुम्ही नागपुरातून येईपर्यंत दोन दिवस जाणार. तोवर काय उरणार?

अंगठी उरते. तुमची आठवण उरत नाही, अडचण ती आहे. एका गृहस्थांनी मला एका तासात तीन जागा दाखवल्या, तिन्ही शपथेवर. दोन रात्री मध्ये गेल्या की डोकं स्वतःच गोष्ट रचायला लागतं. चप्पल खोचलेली, फोटो काढलेले असतील तर दोन दिवस काय, आठवडाही चालतो.

आधी मी जवळपास कोणी डिटेक्टरवाला आहे का ते बघतो, कारण तो संध्याकाळच्या ओहोटीला पोहोचू शकतो. नसेल तर मडगावची गाडी धरतो. आणि हो, फोन घरी पोहोचल्यावर करू नका. “कालच परत आलो, तेव्हा सुट्टीचा मूड खराब करायचा नव्हता” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता फक्त हं म्हणतो.

ती किनाऱ्यावरच पडली हे नक्की का?

हा प्रश्न तुम्ही मला नाही, मी तुम्हाला विचारतो. सनस्क्रीन लावताना काढून खिशात ठेवली? टॉवेलमध्ये गुंडाळली? मुलाच्या सँडलमध्ये? एकदा मी तारकर्लीपर्यंत गेलो, दोन ओहोट्या मशीन घेऊन किनाऱ्यावर पट्टे मारले, हाताला फोड आले. अंगठी निघाली त्यांच्या गाडीच्या सीटच्या रुळात. तिथेही मशीननं शोधली नाही, पोरानं चिप्सचं पाकीट काढताना शोधली. चूक माझीच. तेव्हापासून निघायच्या आधी सगळ्या पिशव्या उलट्या करायला लावतो आणि व्हिडिओ मागवतो. लोकांना राग येतो, येऊ दे.

हरवलेल्या वस्तूसाठी आजी कार्तवीर्याचा मंत्र म्हणते, तुम्हीही म्हणा, माझी काही हरकत नाही. पिशव्या झटकता झटकता म्हणा.

ओहोटीची वेळ कशी कळणार?

भिंतीवरचं कॅलेंडर बघा, तिथी लिहिलेली असते. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठची पाऊणपट सहा: सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दोन्ही पंधरवड्यांत मोजणी प्रतिपदेपासून. भरतीपासून सव्वासहा तासांनी ओहोटी. कोकणातली ही जुनी रीत आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत ठरवायला पुरते. हे गणित अरबी समुद्राच्या आपल्या किनाऱ्याचं. पुरीला लावू नका. नेमकी वेळ हवी असेल तर हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्र सरकारच्या संस्थेची माहिती बघा.

आता यातली गंमत. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती जास्त वर आणि ओहोटी जास्त खाली. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याची चढउतार कमी. सप्तमीला भरतीच्या वेळी कंबरभर पाण्यात पडलेली साखळी पुढच्या पौर्णिमेला ओहोटीत गुडघाभर पाण्यात किंवा चक्क कोरड्यावर येऊ शकते. उधाणाची ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला येते. पहाटेची घ्या. संध्याकाळी क्रिकेटवाले, घोडागाडीवाले आणि “काहून खोदून राहिले?” असं विचारणारे निम्मे नागपूरकर तिथेच असतात.

मशीन नेमकं करतं काय?

गोल कड्यात तारेचं वेटोळं असतं. त्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडला की आजूबाजूला बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. जवळ धातू असेल तर त्यात छोटे प्रवाह फिरू लागतात, ते उलट इशारा देतात, कानात टूंऽ वाजतं. ट्रान्सफॉर्मर उघडून बसलेल्या माणसाला यात नवं काही नाही.

समुद्रावर भानगड अशी की खारं पाणीही वीज वाहून नेतं. ओल्या रेतीत साधं मशीन सतत ओरडत राहतं, जणू सगळा किनारा सोन्याचा. त्यासाठी एकाच वेळी अनेक वारंवारतांवर चालणारी मशीनं येतात, किंवा पल्स पद्धतीची. पल्सवालं प्रवाहाचा झटका देतं आणि तो विरताना काय उरतं ते ऐकतं. मिठाकडे दुर्लक्ष करायला ते बरं, पण धातू कोणता ते सांगत नाही.

दुसरी भानगड काळ्या रेतीची. रत्नागिरीत मांडवीकडच्या किनाऱ्याला ‘काळा समुद्र’ म्हणतात आणि मिऱ्याकडच्याला ‘पांढरा समुद्र’. त्या भागाच्या रेतीत इल्मेनाइट आहे, म्हणजे लोह आणि टायटॅनियमचं खनिज. चुंबक फिरवलात तर त्याच्यासोबतचे लोहाचे काळे कण मिशीसारखे चिकटतात. अशा रेतीत मशीनची खोली निम्म्यावर येते. पांढऱ्या रेतीत वीतभर खाली ऐकू येणारी अंगठी काळ्या रेतीत चार बोटांवरही हुकते. तिथे कडं अगदी जमिनीला घासून आणि फार सावकाश फिरवावं लागतं.

कोणता दागिना सापडतो आणि कोणता नाही?

बंद गोल हवा. अंगठी, पाटली, बांगडी, तोडे यांत प्रवाहाला फिरायला पूर्ण वाट मिळते, म्हणून आवाज स्पष्ट येतो. चांदीची जोडवी तर टणकन वाजतात, कारण धातूंमध्ये चांदीइतकी वीज दुसरा कोणी वाहत नाही.

साखळी ही खरी डोकेदुखी. तोळ्याची साखळी, पण मशीनला ती तोळ्याची दिसत नाही. प्रत्येक कडी सुटी, कडीला कडी नुसती टेकलेली. त्यामुळे मशीनला एकेक बारीक कडीच कळते. बहुतेक वेळा आवाज येतो तो फासाचा किंवा लॉकेटचा. पुरुषांचा जाड गोफ त्यातल्या त्यात बरा.

मंगळसूत्र हरवलं की बाई रडत असते आणि मी विचारतो, वाट्या किती मोठ्या आहेत? निर्दयी वाटतं, पण तेच महत्त्वाचं. काळे मणी काचेचे, मशीनला दिसतच नाहीत. सोन्याच्या बारीक तारेत ओवलेले असले तरी आवाज नसल्यात जमा. दोन वाट्या मात्र ऐकू येतात. नुसती गरसोळी असेल, त्यात सोन्याचे दोन-चारच मणी, तर मी स्पष्ट सांगतो की मशीनपेक्षा चाळणीवर भिस्त ठेवा. नथ तशीच: मोती मुके आणि तार उघडी. हिरा, पोवळं, पुष्कराज यांचंही तेच. ते सापडतात ते ज्या सोन्यात बसवलेत त्यामुळे.

आणि सोन्याची अंगठी मशीनच्या पडद्यावर जो आकडा दाखवते, साधारण तोच आकडा बिअरच्या कॅनचं कडं आणि गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागदही दाखवतो. म्हणून आम्ही आवाज येईल ते सगळं काढतो. एका अंगठीमागे बाटल्यांची बुचं पिशवीभर. ती पिशवी आम्ही कचऱ्यातच टाकतो, परत रेतीत नाही.

जाड दोरीला मॅग्नेट बांधून फिरवला तर?

सोनं चुंबकाला चिकटत नाही. चांदी नाही, शुद्ध प्लॅटिनमही नाही. चिकटलं तर समजा सोनाराकडे जाऊन वेगळाच विषय काढायला हवा.

मॉलच्या दारात असते ती दांडी चालेल?

नाही. ती खिशातल्या किल्ल्यांसाठी आहे.

स्वतःच मशीन विकत घेऊ का?

एका अंगठीसाठी नको. ऑनलाइन मिळणारी स्वस्त मशीनं कोरड्या मातीत बरी चालतात, ओल्या खाऱ्या रेतीत वेडी होतात. छंद म्हणून घ्यायचं असेल तर आधी कानाला सवय लावा: मैदानात मुलांकडून जुनी नाणी, खिळे आणि एक पितळी कडं पुरून घ्या आणि खोदायच्या आधी ओळखून दाखवा. महिनाभरात कळेल की हे काम यंत्राचं कमी आणि कंटाळा न करण्याचं जास्त आहे. आम्ही सुतळीनं पट्टे आखतो, दर फेरीला आधीच्या फेरीवर अर्धं कडं चढवतो, मग तेच क्षेत्र आडवं. ‘इथे नसेल’ म्हणून सोडलेला कोपरा नंतर झोपू देत नाही.

विमानानं नेणार असाल तर दांडी-कडं सामानात द्या. सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र हातातल्या बॅगेतच ठेवाव्या लागतात.

पॅरासेलिंग करताना, होडीतून, खोल पाण्यात पडली. आशा आहे?

खरं सांगायचं तर कमी. हवेतून पडलेल्या वस्तूची जागा कोणी सांगू शकत नाही. नांगरलेल्या होडीशेजारी पडली असेल तर वेगळं. मालवणकडे पाणबुडे असतात, आणि तळ रेताड असेल, जागा त्याच दिवशी दाखवता आली, तर विचारून बघा. पावसाळ्यात कोणाला पाण्यात उतरवू नका, पैसे दाखवून तर मुळीच नको. कोकणातले काही किनारे काठापासून दोन पावलांवर खोल होतात. छातीच्या वर पाणी असेल तर आम्हीही जात नाही, दागिना कितीही तोळ्यांचा असो.

पोलिसांत तक्रार द्यायची का?

हरवणं हा गुन्हा नाही, म्हणून एफआयआर होत नाही. गहाळ झाल्याची नोंद होते, ती तिथल्याच ठाण्यात करा आणि प्रत घ्या. विमा असेल तर कंपनी ती मागणारच. घरफोडीच्या विम्यात घराबाहेर हरवलेले दागिने आपोआप येत नाहीत, त्यासाठी वेगळं कलम लागतं. इतवारीतल्या सराफाचं बिल, दागिन्याचा जवळून काढलेला फोटो आणि हॉलमार्क जवळ ठेवा. १ एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्क दागिन्यांवर अक्षरं-आकडे मिळून सहा खुणांचा एचयूआयडी क्रमांक कोरलेला असतो. भिंगातून दिसतो. अंगठी कोणाला सापडली आणि ‘ही तुमचीच कशावरून?’ असं विचारलं तर हा क्रमांक वादच संपवतो. आजीच्या अंगठीवर तो नसतो, तिथे आतल्या बाजूचा डाग, झिजलेली कड, बदललेला खडा अशी खूण लिहून ठेवा. आणि ही खूण गावभर सांगू नका, मालकी पटवायला तीच उपयोगी पडते.

कोणाला सापडली तर ती त्याचीच होते ना?

नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७१ नुसार सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळायची जबाबदारी येते, दुसऱ्याची ठेव सांभाळावी तशी. मालक शोधता येण्यासारखा असताना प्रयत्न न करता वस्तू पचवली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली किमान सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं कैद आणि दंड. शोधणाऱ्यालाही हक्क आहे: करार कायद्याच्याच कलम १६८ प्रमाणे मालकानं ठरावीक बक्षीस जाहीर केलं असेल तर तो ते मागू शकतो. म्हणून बक्षीस लावताना आकडा विचार करून लावा. रागाच्या भरात एकानं अंगठीच्या किमतीएवढं बक्षीस बोलून टाकलं होतं, मग बायकोनं दोघांनाही झापलं.

नारळपाणीवाले, भेळवाले, घोडागाडीवाले यांना तुमचा नंबर देऊन ठेवा. ते रोज तिथे असतात, तुम्ही-आम्ही पाहुणे.

जमिनीत पुरून ठेवलेलं जुनं धन सापडलं तर गोष्ट वेगळी. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे, आणि दहा रुपयांवरचा ऐवज असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हो, दहाच रुपये. रक्कम १८७८ चीच आहे.

कुठेही खोदता येतं का?

सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, अलिबागचा कुलाबा हे संरक्षित किल्ले आहेत. तिथे मशीन लावून खोदणं म्हणजे स्वतःहून अडचणीत जाणं. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. जाळी लावलेल्या भागापासून लांब राहा आणि किनाऱ्याच्या वरच्या कोरड्या पट्ट्यात खोदण्याआधी तिथल्या कासवमित्रांना विचारा. एकदा त्यांच्यापैकी एक जण अख्खी पहाट आमच्यासोबत बॅटरी धरून उभा राहिला. विचारलं नसतं तर काठी घेऊन उभा राहिला असता.

पैसे किती घेता?

जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च. सापडलं तर तुम्हाला वाटेल ते, नाही सापडलं तर काही नाही. दागिन्याच्या किमतीची टक्केवारी आम्ही मागत नाही. कोणी आगाऊ मोठी रक्कम मागत असेल आणि “हमखास सापडेल” म्हणत असेल तर फोन ठेवून द्या. हमखास असं यात काहीच नसतं.

समुद्र जाऊ द्या, अंबाझरी, खिंडसी, कन्हानचं काय?

इथे मीठ नाही ही मोठी सोय. गोड्या पाण्यात साधं मशीनही शांत चालतं. त्रास आहे गाळाचा. समुद्राची रेती अंगठीला कुठेतरी थांबवते, तलावाचा गाळ थांबवत नाही. नागपूरच्या पश्चिमेकडे जमीन काळ्या बेसाल्ट खडकाची आहे, त्यातलं लोहही थोडी कटकट करतं. कन्हानच्या पात्रात उन्हाळ्यात पाणी आटल्यावर शोधणं सगळ्यात सोपं. खिंडसीला बोटीतून पडली असेल तर वर खोल पाण्याबद्दल लिहिलंय तेच.

भाद्रपदात हमखास येणारा फोन म्हणजे विसर्जनाचा. गणपतीच्या गळ्यातली साखळी किंवा महालक्ष्म्यांच्या अंगावरचा दागिना काढायचा राहिला. हल्ली विसर्जन कृत्रिम टाक्यांत होतं, म्हणून आशा भरपूर असते, पण वेळ कमी. टाकी रिकामी करून माती उचलायच्या आधी तिथल्या कर्मचाऱ्यांना गाठा, टाकी नेमकी कोणती ते सांगा.

अंगठी तर घट्ट होती. निघाली कशी?

दुकानात माप घेताना तुम्ही नागपूरच्या उन्हातून आलेले असता, बोटं फुगलेली. समुद्रात तासभर डुंबलात की बोटं गार पडून आखडतात, वर सनस्क्रीनचा नाहीतर खोबरेल तेलाचा बुळबुळीतपणा. मग मुलाला उचलून फेकताना किंवा हात झटकताना ती सुटते. नव्या नवऱ्यांच्या अंगठ्या जास्त हरवतात असं माझं निरीक्षण आहे. लग्नाआधी कधी अंगठी घातलेली नसते, त्यामुळे बोटाला तिचं भान नसतं. माप घ्यायचं तर सकाळी, थंड हातानं घ्या.

मंगळसूत्र काढून पाण्यात जायला सासूबाई परवानगी देत नाहीत.

हा विषय माझ्या मशीनच्या आवाक्याबाहेरचा आहे. सुचवू एवढंच शकतो: सोन्याचं खोलीत कुलपात ठेवा आणि समुद्रावर काळ्या मण्यांचं बेंटेक्स घाला. फोटोत फरक कळत नाही. एका सासूबाईंना मी सांगितलं की लाट वाट्या बघते, वहिनींचा कुंकवाचा मान बघत नाही. त्या तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, पण सून बेंटेक्सवर गेली. तरी घालायचंच असेल तर ओढणीखाली सेफ्टी पिनेनं कुर्त्याला टाचून घ्या, आणि फास सैल झालाय का ते निघायच्या आधी सोनाराला दाखवा. फास तिथे दुरुस्त व्हायला दहा मिनिटं लागतात.

सापडल्यावर लगेच घालू का? खाऱ्या पाण्यानं खराब तर झाली नसेल?

सोन्याला खारं पाणी काही करत नाही, महिनोन्‌महिने राहिलं तरी. चांदी काळी पडते, ती उजळून मिळते. मोत्याची चमक मात्र रेतीनं घासली की गेली. आधी गोड्या पाण्यात धुवा, मग कोमट पाणी आणि सौम्य साबण. टूथपेस्ट नको, त्यानं ओरखडे पडतात. खडा असेल तर दातऱ्यांखाली रेतीचा कण अडकलेला असतो, तो खडा हळूहळू सैल करतो, म्हणून सोनाराला दाखवा. पण मोती, पोवळं, पाचू असेल तर त्याला आधीच सांगा, दागिने साफ करायच्या कंपनाच्या मशीनमध्ये टाकू नको.

आणि किनाऱ्यावर बोटात घालू नका. आंजर्ल्याला संध्याकाळच्या ओहोटीत आम्ही एका वहिनींची साखरपुड्याची अंगठी काढली, पावणेतीन तासांनी, वीतभर खालून. रेती लागलेली, वर एक फुटका शिंपला. दादांनी तिथेच घोटाभर पाण्यात गुडघ्यावर बसून ती परत घातली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वहिनींनी दोन्ही हात आनंदानं हवेत उडवले, आणि अंगठी पुन्हा गेली. या वेळी कोणी हललं नाही. वहिनी स्वतःच ओरडल्या, “चप्पल खोचा रे आधी!” मशीन चालूच होतं. सहा मिनिटं लागली.